बंदोबस्त : वाऱ्याचा आणि वैऱ्याचा

दिवाळी तोंडावर आली की आमच्या शिरूरच्या एस. टी. स्थानकावर एक माऊली मला हटकून भेटते. तिचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. आता तो राज्य राखीव पोलीस दलात जवान आहे; मुक्काम दौंड. शिरूरहून दौंड ते काय, न्हावऱ्यावरून तास-दोन तासांची वाट! पण "पोरगा जवळच आहे की तुमचा," असे कुणी म्हटले, की बाई फणकाऱ्याने उत्तरते, "नावाला दौंड हो! दौंडला असतो कधी तो?"

दौंड म्हटले की बहुतेकांना रेल्वेचे जंक्शन आठवते. परंतु राखीव दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ याच गावी आहेत. हे दल १९४८ सालापासूनचे. राखीव म्हणजे राखून ठेवलेले, अडीअडचणीला काढायचे. प्रत्यक्षात हे राखून ठेवलेले धनच आधी खर्ची पडते. निवडणूक आली, काढा; यात्रा आली, काढा; दंगल उसळली, काढा. आम्ही मराठी माणसे या साऱ्याला एकच शब्द वापरतो : बंदोबस्त.

मी पडलो भाषेचा मास्तर. हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी बांधणे आहे. सुटलेले, विस्कटलेले आवळून बांधणे, तो बंदोबस्त. आपण मात्र त्याचा अर्थ चौकात उभा असलेला पोलीस एवढाच करून ठेवला आहे.

आपल्या राज्याला अरबी समुद्राने दोन्ही संकटे दाखविली, आणि तीही वर्षाच्या आत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेकी याच समुद्रातून होडीने मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले आणि १६६ माणसे प्राणांस मुकली. पुढच्याच वर्षी, ११ नोव्हेंबर २००९ रोजी, 'फयान' वादळ त्याच समुद्रातून आले आणि कोकणच्या कितीतरी कोळ्यांच्या होड्या घेऊन गेले. समुद्र एक, किनारा एक, सरकारही एक; पण शत्रू दोन तऱ्हेचे.

वारा वर्दी देऊन येतो. हवामान खाते त्याचा मार्ग दिवस-दोन दिवस आधी सांगते. होड्या ओढून घेता येतात, माणसे हलविता येतात. वैरी वर्दी देत नाही. तो आला हे आपल्याला गोळीच्या आवाजाने कळते, आणि पहिला घाव जवळ उभा असेल त्या शिपायाला झेलावा लागतो. सोलापूर जिल्ह्यातील राहुल शिंदे हा राखीव दलाचाच जवान त्या वेळी 'ताज' हॉटेलात कामी आला. पुढे १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला, तेव्हा हे संकट मुंबईपुरते नाही हे आपल्या जिल्ह्यालाही कळून चुकले.

सरकारने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या हल्ल्यानंतर 'फोर्स वन' हे खास पथक उभे राहिले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणावर टाकली. पुढे राज्याचे आपत्ती प्रतिसाद दलही धुळे आणि नागपूर येथे निघाले. त्यासाठी माणसे घेतली तीही राखीव दलातूनच! पाटी नवी, पण तिच्याखाली उभा राहणारा पोरगा तोच.

याचा प्रत्यय २०२० साली आला. एप्रिलमध्ये मुंबईच्या बंदोबस्तावरून दौंडला परतलेल्या काही जवानांना करोनाची लागण झाली. त्यांच्यासोबत आलेला माझा विद्यार्थी विलगीकरणात अडकला. सुटला तो पुन्हा कामावर. अशात ३ जूनला 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. रायगडातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पण इशारा वेळेवर मिळाला आणि हजारो माणसे आधीच हलविली गेली, म्हणून मनुष्यहानी त्या मानाने थोडी झाली. वारा घाट चढून आमच्यापर्यंत आला. त्या दुपारी या माऊलीच्या घरावरचे पत्रे उडाले आणि शेजारची कांद्याची चाळ उघडी पडली.

मी तिला म्हटले, "मुलाला फोन लावू का?"

ती म्हणाली, "नको, सर. तो तिथं दुसऱ्यांची घरं सांभाळतोय. त्याचा जीव इथं कशाला अडकवायचा?"

मग आम्ही आळीतली चार माणसे तोंडाला रुमाल बांधून निघालो. उडालेले पत्रे शोधून आणले, तारेने आवळले, वर दगड ठेवले. रात्री पुन्हा पाऊस आला, पण म्हातारी कोरड्यात निजली.

पत्र्याची तार पिळता पिळता मला बंदोबस्त या शब्दाचा अर्थ हाताला कळला. राज्याने पथके उभारावीत, इशारे द्यावेत, त्या पोरांना वेळेवर रजाही द्यावी. ते राज्याचे कर्तव्यच आहे. पण परक्या घरासाठी जो आपले घर सोडून गेला आहे, त्याच्या घराचे पत्रे कुणी बांधायचे? ते काम सरकारी नाही. ते आपले.

परवा माऊली पुन्हा स्थानकावर दिसली. हातात फराळाचा डबा होता. मी विचारले, "यंदा येणार का?"

"बघायचं. रजा मिळाली तर येईल," ती म्हणाली, "नाहीतर दौंडची गाडी आहेच की!"