काँक्रीट पाण्यासारखं वाहतंय? आधी बघा, त्यात पाणी जास्त की केमिकल!

स्लॅबच्या दिवशी माल घट्ट वाटला की हमखास आवाज येतो, 'अजून पाणी सोड रे!' माल पातळ होतो, पसरायला सोपा जातो. पण जादा पाणी नंतर सुकतं आणि मागे बारीक छिद्रं ठेवून जातं. ताकद तिथेच कमी होते.

पाणी न वाढवता स्वतःहून वाहणारं काँक्रीटही असतं. त्याला सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट म्हणतात. जपानमध्ये कुशल कामगार मिळेनासे झाले, तेव्हा १९८६ मध्ये प्रा. हाजिमे ओकामुरा यांनी ही कल्पना मांडली. १९८८ मध्ये ते प्रत्यक्ष तयार झालं. यात खडी कमी आणि बारीक, सिमेंट-फ्लाय अॅशची भुकटी जास्त आणि माल वाहता करणारं केमिकल असतं. व्हायब्रेटर लागत नाही.

आता सळईच्या पकडीचं. साध्या पातळ मालात पाणी वर चढतं आणि आडव्या सळईच्या पोटाखाली अडकतं. तिथे पोकळी राहते, वरून काही दिसत नाही, पण सळई काँक्रीटला धरत नाही. चांगल्या सेल्फ कॉम्पॅक्टिंग मालात पाणी असं सुटत नाही, त्यामुळे पकड व्हायब्रेटर मारलेल्या काँक्रीटइतकी, कधी त्याहून बरी मिळते. मात्र मिश्रण बिघडलं तर खडी खाली बसते आणि सगळा खर्च वाया.

ओळखायचं कसं? ३० सेंटिमीटर उंचीचा ठरावीक शंकूचा साचा भरून वर उचलतात. अस्सल माल साधारण ५५ ते ८५ सेंटिमीटर गोल पसरतो, खडी कडेपर्यंत जाते. मध्ये खडीचा ढीग आणि कडेला पाण्याची रेघ दिसली, तर तो नुसता पाणी घातलेला माल!

गावातल्या साध्या घराला हे महागडं काँक्रीट लागत नाही, हेही खरं. जिथे सळया दाटीवाटीने असतात, जसं पुलाचं किंवा मोठ्या इमारतीचं काम, तिथे त्याचा खरा उपयोग. शिवाय हा माल सेंट्रिंगवर जास्त दाब देतो, फटीतून गळतो.

घरच्या स्लॅबला ५० किलोच्या गोणीमागे पाणी २५ लिटरच्या आसपास ठेवा, ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरा. व्हायब्रेटर नीट फिरवा. पीपीसी सिमेंट असेल तर किमान १० दिवस स्लॅब ओला ठेवा.