लेकींनो, वॉर्डात मोठ्याने बोला!

आष्ट्यासारख्या गावात मराठी शाळेतून बारावी झालेली मुलगी नर्सिंग शिकायला परदेशी निघते, तेव्हा घरच्यांना काळजी असते पैशांची, थंडीची आणि जेवणाची. पण तिची खरी परीक्षा वॉर्डात होते. इंग्रजी तिला वाचता येते, लिहिताही येते. सिस्टरने काही विचारले की मात्र घशातून शब्द फुटत नाही. ‘चुकले तर हसतील’ या भीतीने ती नुसती मान हलवते.

ही मान हलवणेच धोक्याचे आहे, असे आम्हाला वाटते. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. एक पंधरा, दुसरा पन्नास! औषधाच्या मात्रेत हा फरक रोग्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून तोंडी सूचना मिळाली की ती लिहून घ्यावी, मोठ्याने परत वाचून दाखवावी आणि आकडा सुटा करून विचारावा, “वन-फाइव्ह, की फाइव्ह-झीरो?” तिथे जन्मलेल्या नर्सनेही हेच करायचे असते. पुन्हा विचारणे हा कामाचाच भाग आहे, त्यात कमीपणा कसला?

दुसरी अडचण रोग्यांच्या बोलीची. इंग्लंडमधली एखादी म्हातारी ‘स्पेंड अ पेनी’ म्हणाली, तर तिला पैसे खर्चायचे नसतात, लघवीला जायचे असते! ‘पुअरली’ म्हणजे गरीब नव्हे, बरे नसलेला. असे शब्द रोज वहीत उतरवावेत आणि अर्थ कळला नाही तर सरळ विचारावा.

आपल्या मोठ्या इस्पितळांत केरळच्या परिचारिका वर्षानुवर्षे काम करीत आल्या आहेत. कितीजणींना येताना मराठीचा गंधही नव्हता. ‘कुठं दुखतंय?’, ‘गोळी घेतली का?’ अशी वाक्ये त्या रोग्याच्या उशाशी शिकल्या. त्यांचे उच्चार वेगळे म्हणून आपण त्यांच्या हातची सुई नाकारली नाही. मग आपल्या मुलीने आपल्या उच्चारांची लाज का धरावी?

आरोग्यसेवेतील लोकांसाठी ओईटी नावाची इंग्रजीची परीक्षा असते. तिच्या बोलण्याच्या भागात रोग्याशी किंवा नातेवाइकाशी बोलण्याचे दोन प्रसंग असतात, प्रत्येकी सुमारे ५ मिनिटांचे. समोरच्याचे ऐकून घेणे, त्याला नीट समजावणे, यालाही तेथे गुण आहेत.

सावित्रीबाई फुले यांनी इंग्रजी शिका म्हणून कवितेतून सांगितले आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना प्राण वेचले. या दोन्ही वाटा आपल्या मुलींसाठी त्यांनीच मोकळ्या केल्या.

मुलगी निघण्याआधी आई-वडिलांनी एवढे करावे. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे आईने रोगी व्हावे, मराठीत तक्रार सांगावी. मुलीने इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असे उत्तर द्यावे. आईला इंग्रजी येत नसले तरी चालेल. अडखळली तर थांबावे, पुन्हा म्हणू द्यावे. आणि भावंडांनी तेवढे हसू नये.