म्हाताऱ्या माणसाला अचानक पातळ होतंय? जुलाब थांबवायची गोळी देण्याआधी हे वाचा

आजीला चार-पाच दिवस पोट साफ झालेलं नाही. जेवण कमी झालंय, पोट जड वाटतंय म्हणते. सहाव्या दिवशी अचानक लुगड्याला, अंथरुणाला थोडं थोडं पातळ लागायला लागतं. घरच्यांना वाटतं जुलाब सुरू झाले. कुणीतरी मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणतं. दोन दिवसांनी आजीचं पोट टम्म फुगतं, उलट्या होतात आणि रात्री गाडी करून दवाखाना गाठावा लागतो.

असं अनेक घरांत होतं. कारण तो जुलाब नसतो, बद्धकोष्ठच असतं.

नेमकं काय होतं?

मळ बरेच दिवस आतड्यात राहिला की त्यातलं पाणी शोषलं जातं आणि शेवटच्या भागात त्याचा कडक खडा होतो. तो बाहेर पडत नाही. मागून येणारा पातळ मळ मात्र खड्याच्या कडेकडेने झिरपतो. म्हणून वरून जुलाब दिसतो आणि आत वाट बंदच असते. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली की आतड्याची हालचाल आणखी मंदावते आणि खडा आणखी घट्ट बसतो.

ओळखायचं कसं?

- पातळ होण्याआधी काही दिवस पोट साफ झालेलं नव्हतं.
- पातळ थोडंथोडंच येतं, नकळत कपड्याला लागतं.
- पोट फुगलेलं, भूक नाही, मळमळ होते.
- लघवी अडते किंवा थेंबथेंब होते.
- काही म्हाताऱ्या माणसांत एकदम गोंधळल्यासारखं बोलणं, चिडचिड हेच पहिलं लक्षण असतं.

यातलं काही दिसलं तर घरी गोळी देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. तपासून खडा आहे की नाही हे त्यांना लगेच कळतं. घरी बोट घालून खडा काढणं किंवा ऐकीव माहितीवर एनिमा देणं टाळा, आतून जखम होऊ शकते. खरेच जुलाब असतील, म्हणजे भरपूर पाण्यासारखे आणि वारंवार, तर ओआरएस सुरू करून दवाखान्यात न्या. म्हाताऱ्या शरीरातलं पाणी लवकर कमी होतं.

म्हातारपणीच जास्त का?

वय हे एकच कारण नाही. दात गेल्यामुळे भाजी, फळं सुटतात आणि चहा-बिस्कीट, पातळ भातावर दिवस निघतो. रात्री अंधारात संडासला उठावं लागू नये म्हणून अनेक आजी-आजोबा पाणीच कमी पितात. सुनेला किंवा मुलाला सारखं कसं उठवायचं, या संकोचानेही वेग दाबून धरतात. चालणं कमी झालेलं असतं. त्यात गोळ्यांची भर पडते: रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, काही बीपीच्या आणि काही वेदनाशामक गोळ्यांनी मळ घट्ट होतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा.

घरी काय करायचं?

वेळ: सकाळचा चहा-नाश्ता झाला की आतड्याची हालचाल वाढते. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत रोज बसवायचं. घाई करू नका. दार लोटून घ्या आणि बाहेर हाकेच्या अंतरावर थांबा.

बसणं: कमोडच्या खुर्चीवर पाय अधांतरी राहिले तर जोर लागत नाही. पायाखाली पाट ठेवा, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येऊ द्या, थोडं पुढे वाकू द्या. फार कुंथायला लावू नका. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला कुंथताना चक्कर येऊ शकते.

खाणं: भाकरी कुस्करून आमटीत, पालेभाजी बारीक चिरून मऊ शिजवून, पिकलेली पपई, रात्री भिजवलेल्या मनुका. मधुमेह असेल तर फळं, मनुका किती द्यायच्या ते डॉक्टरांना विचारा.

पाणी: एकदम तांब्याभर नको, दिवसभर अर्धा-अर्धा पेला द्या. संध्याकाळनंतर थोडं कमी चालेल. हृदय किंवा किडनीच्या आजारात डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

इसबगोल, एरंडेल: इसबगोलाला भरपूर पाणी लागतं. पाणी कमी पिणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा गिळताना त्रास होणाऱ्या माणसाला ते दिलं तर उलट अडकतं. एरंडेल किंवा जुलाबाची चूर्णं रोज देऊ नका. मळ मऊ करणारी औषधं डॉक्टर देतात.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी: जेवताना आणि नंतर अर्धा तास पाठ उशीने उंच ठेवा. दर दोन तासांनी कूस बदला. कपडा खराब झाला की लगेच पुसा. बायकांना पुढून मागे पुसायचं. कातडी कोरडी करून व्हॅसलीन लावा. ओलं राहिलं की जखमा होतात.

लगेच दवाखाना कधी?

पोट टणक फुगलंय, उलट्या होतायत आणि गॅसही सरत नाही, तर 108 ला फोन करा. मळातून रक्त पडलं किंवा डांबरासारखा काळा, चिकट मळ झाला तरी थांबू नका, विशेषतः अंगदुखीच्या गोळ्या सुरू असतील तर. लोहाच्या गोळीनेही मळ काळपट होतो, पण फरक डॉक्टरांना ठरवू द्या. पोटाची जुनी सवय अचानक बदलली आणि वजन उतरतंय, तर तपासणी लांबवू नका.

कॅलेंडरवर एक खूण

रोज झालंच पाहिजे असं नाही. दिवसातून 3 वेळा ते आठवड्यातून 3 वेळा, इतका फरक माणसामाणसांत असतो. आपल्या माणसाची सवय काय आहे ते माहीत हवं. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पोट साफ झालं त्या तारखेला खूण करा. सलग 3 दिवस खूण नसेल तर आशाताईंना सांगा किंवा आरोग्य केंद्रात दाखवा. आजी-आजोबा लाजेने स्वतःहून सांगत नाहीत, त्यामुळे सकाळी चहा देताना आपणच विचारायचं.