खाऱ्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय : आधी जिवाणू, मग मासे

घरात काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळण्याची हौस आता खेड्यापाड्यांतही पोहोचली आहे. गप्पी, मोलीसारखे मासे पाळून हात बसला की अनेकांचे लक्ष समुद्रातील प्रवाळ खडकांवर राहणाऱ्या माशांकडे, विशेषतः केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउन माशाकडे वळते. हा मासा गोड्या पाण्यातील माशांपेक्षा महाग असतो आणि नवख्याच्या टाकीत तो अनेकदा पहिल्या काही आठवड्यांतच दगावतो. त्यामागे रोगापेक्षा घाई हे कारण अधिक असते. कृषिविद्येच्या अभ्यासकाने मत्स्यालयावर लिहावे याचे कारणही तेच आहे. टाकीचे यश ज्यावर ठरते ते नत्रचक्र आपल्या शेतातही रोज फिरत असते.

मातीत घडते तेच टाकीत

शेतात युरिया टाकल्यावर त्याचे अमोनियममध्ये रूपांतर होते. पुढे जिवाणू त्यापासून नायट्राइट व नंतर नायट्रेट तयार करतात. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, तर उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया तयार होतो. टाकीतही नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पायरा यांसारखे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. फरक इतकाच की जमिनीत हे जिवाणू मुळातच असतात, नव्या टाकीत ते जवळजवळ नसतात.

खाऱ्या पाण्यात हा धोका अधिक असतो. पाण्याचा सामू वाढला की अमोनियमचा अधिक भाग विषारी अमोनियाच्या रूपात येतो. सामू ७ असताना हा भाग एक टक्क्याहून कमी असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असल्याने तेथे तो दहापटीहून अधिक होतो.

टाकी व खडक

१. टाकी लहान घेऊ नये. ३ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सुमारे १६० लिटर पाणी मावते. पाणी जास्त असेल तर त्यातील बदल सावकाश होतात. पाणी व खडक मिळून वजन दोनशे किलोच्या घरात जाते, म्हणून स्टँड भक्कम व समतल असावा.

२. टाकीवर थेट ऊन येऊ देऊ नये. तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवावे. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा लावल्यास पाणी थंड राहते.

३. सच्छिद्र कृत्रिम खडक वापरावा, कारण जिवाणूंचे खरे घर तेच होय. सिमेंटचा खडक असल्यास तो काही आठवडे पाण्यात मुरवून, पाणी वारंवार बदलून त्यातील चुना काढावा. खडकाच्या आतील भागात प्राणवायू पोहोचत नाही. तेथे नायट्रेटचे वायुरूप नत्र होऊन ते निघून जाते. भाताच्या खाचरात हीच क्रिया आपले खत वाया घालवते, टाकीत मात्र ती उपकारक ठरते.

पाणी तयार करणे

मिठागरातील मीठ वापरू नये. मीठ जमल्यावर मॅग्नेशियमयुक्त कडू पाणी काढून टाकलेले असते, त्यामुळे हाती मुख्यतः सोडियम क्लोराइडच उरते. मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी क्षारमिश्रण घ्यावे. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे १६० लिटरला ६ किलोच्या आसपास ते लागते. हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ यावे. विहिरीच्या पाण्यात खतांतून उतरलेले नायट्रेट असू शकते, म्हणून आर.ओ. यंत्राचे पाणी उत्तम. टाकीतील पाणी आटते तेव्हा क्षार मागेच राहतात. त्यामुळे रोजची घट गोड्या पाण्यानेच भरून काढावी.

जिवाणू वाढवण्याचे चार ते सहा आठवडे

पाणी, खडक व पाणी खेळते ठेवणारा पंप बसवल्यावर टाकीत मासा सोडू नये. सोललेल्या कोळंबीचा लहान तुकडा टाकावा. तो कुजू लागला की अमोनिया वाढतो, पुढे तो उतरतो व नायट्राइट चढते आणि शेवटी नायट्राइटही उतरून नायट्रेट दिसू लागते. तपासणी संचाने दर दोन-तीन दिवसांनी नोंद करावी. तुकडा काढून घ्यावा व पुढे रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे. खाद्य टाकूनही अमोनिया व नायट्राइट सलग आठवडाभर शून्य राहिले तरच टाकी तयार झाली असे समजावे. मग एक-चतुर्थांश पाणी बदलून क्लाउनची एक लहान जोडी सोडावी. पुढील मासा किमान तीन आठवड्यांनी सोडावा.

प्रवाळाबाबत सावधान

खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे व समुद्रपंखे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरील असो वा विक्रेत्याकडील, जिवंत असो वा मृत, प्रवाळ टाकीत ठेवू नये. समुद्रघोड्यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. मासेही संवर्धनगृहात वाढलेलेच मागावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे, त्यामुळे ते समुद्रातून पकडण्याची गरज नाही. संवर्धनगृहातील मासे टाकीत लवकर रुळतात.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची विशेष काळजी

• फवारणी केलेले किंवा मोरचूद हाताळलेले हात टाकीत घालू नयेत. कोळंबी व शिंपलेवर्गीय जीव तांबे व कीटकनाशकाच्या अल्प मात्रेनेही मरतात.
• वीज गेली की पाणी थांबते, प्राणवायू घटतो आणि माशांबरोबर जिवाणूही मरू लागतात. बॅटरीवरील हवेचा पंप तयार ठेवावा.
• खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे.
• दर पंधरवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलावे. जुन्या पाण्यात जुळवलेले क्षारयुक्त पाणीच घालावे. काढलेले खारे पाणी झाडांना घालू नये.

नांगरट, शेणखत व वाफसा यांची वाट न पाहता पेरणारा शेतकरी विरळाच. टाकीलाही तेवढाच धीर द्यावा. माशांवरील खर्च वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हे पहिले सहा आठवडे टाकी रिकामी दिसली तरी चालू ठेवणे.