हस्तलिखितांचा डेटाबेस आणि स्क्रिप्टिंग भाषेची निवड : दक्षिणी मराठीच्या संदर्भात

चेन्नई येथील शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात (स्थापना १८६९) संस्कृत, तमिळ, तेलुगू इत्यादी भाषांच्या बरोबरीने मराठी हस्तलिखितेही जतन केलेली आहेत. तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय हे तर दक्षिणी मराठीचे प्रमुख भांडारच होय. अशा संग्रहांची एकत्रित संगणकीय सूची सिद्ध करावयाची झाल्यास तिचे प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहावेत, हा प्रश्न सामान्यतः तंत्रज्ञांवर सोपविला जातो. तो वाङ्मयाभ्यासकांचाही प्रश्न कसा आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डेटाबेसमधील नोंदी कोष्टकांत विभागलेल्या असतात. अभ्यासकाचा प्रश्न या कोष्टकांपर्यंत पोहोचविणे आणि उत्तर त्याच्यासमोर मांडणे, हे दुभाष्याचे काम स्क्रिप्टिंग भाषा करते. पर्ल (१९८७), पायथन (१९९१) आणि पीएचपी (१९९५) या तिन्ही भाषांत डेटाबेसशी जोडणी करण्याची प्रस्थापित साधने उपलब्ध आहेत. त्या दृष्टीने त्यांत फारसा भेद नाही. खरा भेद आहे तो 'अक्षर' म्हणजे काय, या प्रश्नाच्या त्यांनी दिलेल्या उत्तरात.

'मराठी' हा शब्द घेऊ. वाचकाच्या दृष्टीने यात तीन अक्षरे आहेत. पायथन ३ मध्ये त्याची लांबी पाच भरते, कारण काना व वेलांटी ही युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हे आहेत. पीएचपीचे मूळ फलन पंधरा हे उत्तर देते. ते अक्षरे नव्हे, तर साठवणुकीचे बाइट मोजते. शब्द वेगळे काढण्याच्या बाबतीत चित्र पालटते. पायथनची अंगभूत नमुनाशोध-प्रणाली काना-मात्रांना शब्दाचा भाग मानत नाही. त्यामुळे 'मराठी'मधून 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे हाती येतात. पर्ल मात्र या चिन्हांना शब्दातच समाविष्ट करते. पायथनमधील ही उणीव पूरक ग्रंथिका जोडून दूर करता येते. परंतु ती आहे हे आधी ठाऊक असावे लागते.

दक्षिणेकडील सामग्रीत याहून सूक्ष्म अडचण उद्भवते. 'तमिऴ' या रूपातील अंत्य वर्ण युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि 'ळ'खाली नुक्ता देऊनही. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात. यंत्राला ती भिन्न वाटतात. प्रत्येक नोंद दाखल होतानाच तिचे प्रमाणीकरण करणे हा यावरील उपाय असून त्याची सोय तिन्ही भाषांत आहे. 'तमिळ' या रूढ रूपाशी त्याची सांगड घालणे मात्र यंत्राचे काम नव्हे. तो निर्णय संपादकानेच घ्यावयाचा आहे. वर्णक्रमाचेही तसेच. 'ळ'चे मराठी वर्णमालेतील स्थान 'ह'नंतरचे, तर युनिकोडच्या क्रमात तो 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये येतो.

मोडी आणि ग्रंथ या दोन्ही लिपींचा युनिकोडमध्ये समावेश २०१४ साली, सातव्या आवृत्तीत झाला. त्यांच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. मायएसक्यूएलमधील 'यूटीएफ८' हा जुना संच तीनच बाइटांपर्यंत जातो. नियम शिथिल असल्यास पहिल्याच मोडी चिन्हापाशी उर्वरित मजकूर कापला जातो. चार बाइटांचा संच त्यात २०१० पासून उपलब्ध आहे, पण २०१८ मधील आठव्या आवृत्तीपूर्वी तो जाणीवपूर्वक निवडावा लागत असे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ही अडचण नाही. शिवाय भाषानिहाय वर्णक्रमाचीही तरतूद त्यात आहे.

आता शहाजीराजांच्या (कारकीर्द १६८४–१७१२) 'पंचभाषाविलास' या यक्षगानाचा विचार करू. संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एकाच कृतीत नांदतात. 'भाषा' या रकान्यात एकच नाव लिहिण्याची मुभा असेल, तर ही कृती चार वाङ्मयांच्या इतिहासातून निसटते. म्हणून कृती, भाषा आणि लिपी यांची कोष्टके पृथक् ठेवून त्यांच्यात बहुविध संबंध जोडणे अगत्याचे ठरते. ही रचना सदोष असल्यास कोणतीही स्क्रिप्टिंग भाषा तिची भरपाई करू शकत नाही.

या विवेचनावरून असे म्हणता येईल, की नव्याने हाती घ्यावयाच्या अशा सूचीसाठी पायथन ३ आणि पोस्टग्रेएसक्यूएल ही जोडी, वर उल्लेखिलेल्या पूरक ग्रंथिकेसह, सर्वाधिक उपयुक्त ठरावी. विद्यमान मजकुराच्या शुद्धीकरणासाठी पर्लचे सामर्थ्य आजही मोलाचे आहे. पीएचपीचा उपयोग मांडणीपुरता करावा आणि तेथेही बहुबाइट फलनेच वापरावीत. युनिकोडला मूलतः सामावून घेऊ पाहणारी पीएचपीची सहावी आवृत्ती २०१० मध्ये सोडून देण्यात आली, तर पायथन २ ला मिळणारा आधार २०२० मध्ये संपला. साधने अशी अल्पायुषी असल्याने नोंदी साध्या मजकूर-स्वरूपातही जपाव्यात आणि प्रमाणीकरणाचे व शोधाचे नियम सूचीच्या प्रस्तावनेत नमूद करावेत.

तौलनिक अभ्यासात 'अमुक विषयावर मराठीत रचना आढळत नाही' या स्वरूपाचे निष्कर्ष वारंवार काढले जातात. छापील सूचीत तो शोध अभ्यासकाची दृष्टी घेत असे. डेटाबेसमध्ये तो प्रोग्रॅम घेतो. काना तोडणाऱ्या वा मोडी चिन्हापाशी थांबणाऱ्या प्रोग्रॅमचे 'शून्य नोंदी' हे उत्तर म्हणजे वाङ्मयीन अभावाचा पुरावा नव्हे. हा भेद राखण्यासाठी अभ्यासकाने प्रोग्रॅम लिहिलाच पाहिजे असे नाही. मात्र तो अक्षराला काय समजतो, हे त्याने विचारलेच पाहिजे.