रिफर्बिश्ड टॅबलेट घ्यावा की नवा? आधी उरलेली वर्षं मोजा

‘टॅब घ्यायचाय, रिफर्बिश्ड घेतला तर चालेल का?’ कॉलेजची ॲडमिशन झाली किंवा स्पर्धा परीक्षेच्या क्लासला नाव घातलं की हा प्रश्न हमखास येतो. उत्तर देणारे दोन प्रकारचे असतात. काही म्हणतात, ‘वापरलेल्या वस्तूच्या नादी लागू नकोस, ती कधी धोका देईल सांगता येत नाही.’ बाकीचे म्हणतात, ‘डबा फोडला की किंमत उतरते, मग नव्याला जास्त पैसे कशाला?’ दोघेही फक्त किमतीकडे बघतात. टॅब अजून किती वर्षं कामाचा राहणार आहे, हे कोणी विचारत नाही. मी ॲप बनवण्याचं काम करतो, त्यामुळे जुनी उपकरणं हळूहळू निकामी कशी होतात ते रोज आतून बघतो. म्हणून हा हिशोब जरा वेगळ्या पद्धतीने मांडतोय.

आधी ‘रिफर्बिश्ड’ या शब्दाबद्दल. अमेरिकेत असलेला एखादा नातेवाईक तुम्हाला सांगेल, ‘डोळे झाकून रिफर्बिश्ड आयपॅड घे.’ त्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. तिथे ॲपल स्वतः असे आयपॅड विकतं आणि त्यात नवी बॅटरी, नवं बाहेरचं कव्हर आणि एक वर्षाची वॉरंटी असते. भारतात ॲपलची ही सोय नाही. इथे रिफर्बिश्ड म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या कंपन्यांनी किंवा विक्रेत्यांनी तपासून, पुसून, गरज पडल्यास दुरुस्त करून विकायला ठेवलेलं असतं. बॅटरी बदललीच असेल असं नाही. ‘सुपर्ब’, ‘गुड’, ‘फेअर’ अशा ज्या ग्रेड लावलेल्या असतात त्या मुख्यतः ओरखड्यांच्या असतात. टॅब दिसायला कोरा करकरीत आणि आतून थकलेला, असं सहज असू शकतं.

घड्याळ बिलापासून सुरू होत नाही

टॅबलेटला फोनसारखी मरण्याची घाई नसते. तो खिशातून पडत नाही, दिवसभर वापरात नसतो, घरी टेबलावर किंवा उशाशी असतो. त्यामुळे त्याची काच आणि बटणं शाबूत असतानाच सॉफ्टवेअर संपतं.

ते कसं संपतं, तर आधी कंपनी नवी ऑपरेटिंग सिस्टिम देणं बंद करते. मग सुरक्षा अपडेट्स थांबतात. त्यानंतर आमच्यासारखे लोक कामाला लागतात. प्रत्येक ॲप बनवताना ‘किमान अमुक आवृत्ती हवी’ अशी अट घालावी लागते. जुन्या आवृत्तीवर फार थोडे लोक उरले की त्यांच्यासाठी वेगळी चाचणी करत बसणं कोणत्याही टीमला परवडत नाही, मग ती अट एक पायरी वर सरकवली जाते. तुमच्या टॅबवर ॲपची जुनी आवृत्ती काही दिवस चालते. मग एके सकाळी ‘ॲप अपडेट करा’ असा संदेश येतो आणि अपडेट मात्र मिळत नाही. माझा अंदाज असा की सिस्टिम अपडेट्स थांबल्यावर साधारण दोन वर्षं टॅब रोजच्या कामाला नीट पुरतो. खालच्या हिशोबात मी तीच दोन वर्षं धरली आहेत.

हे घड्याळ तुम्ही टॅब विकत घेतला त्या दिवशी सुरू होत नाही, मॉडेल बाजारात आलं तेव्हाच सुरू झालेलं असतं. त्यातही फक्त वर्ष बघून भागत नाही. २०१९ मध्ये ॲपलने आणलेल्या आयपॅडपैकी दोन बघा, तिसऱ्या पिढीचा एअर आणि सातव्या पिढीचा साधा आयपॅड. एअरमध्ये ए१२ चिप होती, साध्यात त्याहून जुनी ए१०, म्हणजे २०१६ च्या आयफोन ७ मधली. २०२५ मध्ये आयपॅडओएस २६ आली तेव्हा एअर यादीत राहिला आणि साधा आयपॅड बाहेर पडला. एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांपैकी एकाचं वय संपलं, दुसऱ्याचं चालू आहे. रिफर्बिश्डच्या जाहिरातीत मात्र दोघांपुढे ‘आयपॅड, २०१९’ एवढंच दिसेल.

अँड्रॉइडमध्ये नावांचा घोळ याहून मोठा. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब एस६ लाइट २०२०, २०२२ आणि २०२४ असा तीनदा आला, नाव तेच पण चिप प्रत्येक वेळी वेगळी. २०२० चा अँड्रॉइड १० वर सुरू झाला आणि १३ वर थांबला. २०२४ चा थेट १४ घेऊनच आला. फरक कळतो तो मॉडेल नंबरावरून. पी६१० किंवा पी६१५ असेल तर २०२० चा, पी६१३ किंवा पी६१९ असेल तर २०२२ चा, पी६२० किंवा पी६२५ असेल तर २०२४ चा. विक्रेता नुसतं नाव सांगत असेल तर मॉडेल नंबर मागून घ्या.

आता आकडेमोड

हे लिहितोय २०२६ च्या सुरुवातीला. ए१६ चिपचा साधा आयपॅड मार्च २०२५ मध्ये ३४,९०० रुपयांना आला, १२८ जीबीसह. समजा त्याऐवजी तुम्हाला नवव्या पिढीचा, म्हणजे २०२१ चा, ६४ जीबीचा आयपॅड रिफर्बिश्ड २०,००० ला मिळतोय. जवळपास ४३ टक्के बचत. ऐकायला झकास वाटतं.

२०१७, २०१८ आणि २०१९ चे साधे आयपॅड बघितले तर तिघांनाही सिस्टिम अपडेट्स सहा ते साडेसहा वर्षं मिळाले. ॲपलने हे कुठे लिहून दिलेलं नाही, पण पायंडा दिसतो. सहा वर्षं धरली तर नव्याची अजून पाच उरली आणि २०२१ च्या आयपॅडचं जेमतेम दीड. दोघांनाही वरची दोन वर्षं दिली की नव्याची सात झाली आणि जुन्याची साडेतीन. म्हणजे किंमत ४३ टक्के कमी, पण आयुष्य थेट निम्मं. वर्षाला खर्च काढा: नव्याचा सुमारे ५,००० रुपये, रिफर्बिश्डचा ५,७०० च्या वर. स्वस्त वाटणारा महाग पडला, तोही जुन्या बॅटरीसह आणि निम्म्या स्टोरेजसह. हाच आयपॅड साडेसतरा हजारांना मिळाला तर हिशोब बरोबरीत सुटतो. वॉरंटीही कमी असते हे धरून मी स्वतः पंधराच्या वर जाणार नाही.

आता दुसरं टोक. १२-१५ हजारांचा नवा अँड्रॉइड टॅब. समजा १४,००० चा आहे, कंपनीने तीन वर्षं सुरक्षा अपडेट्स कबूल केले आहेत आणि मॉडेल नुकतंच आलेलं आहे. वरची दोन धरून पाच वर्षं, म्हणजे वर्षाला २,८०० रुपये. यापुढे कुठलाही रिफर्बिश्ड टिकत नाही. लेक्चर बघणं, पीडीएफ वाचणं, झूमवर बसणं एवढंच काम असेल तर हा घ्या आणि विषय संपवा. फक्त रॅम किती आहे ते बघा, ४ जीबी आता फारच तोकडी पडते. याच वर्गातला जुना टॅब रिफर्बिश्ड ८-९ हजारांत दिसला तर मात्र त्याच्याकडे वळूनही बघू नका. अशा टॅबमध्ये बहुधा ईएमएमसी प्रकारचं संथ स्टोरेज असतं, ते नवं असतानाच हळू चालतं आणि वापराने अजून मंदावतं.

मग रिफर्बिश्डला जागा कुठे उरली? मधे. जे काम स्वस्त टॅब करूच शकत नाही, आणि ते करणारा नवा टॅब तुमच्या ऐपतीबाहेर आहे, तिथे.

माझी आतेबहीण पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करते. तिला नोट्स हाताने लिहायच्या होत्या, पीडीएफवरच खुणा करायच्या होत्या, म्हणजे नीट चालणारा पेन हवाच. आत्याने भिशीतून उचललेले वीस हजार तिच्या हातात होते, त्यावर एक रुपया नाही. ‘दादा, अठरा हजारांत आयपॅड मिळतोय, घेऊ ना?’ म्हणून तिने लिंक पाठवली. बघतो तर तोच २०१९ चा, ए१० वाला, ३२ जीबी. सिस्टिम अपडेट्स आधीच बंद, पेन्सिल वेगळी घ्यायची, आणि मेमरी कार्ड घालायची सोय आयपॅडला नसतेच. सगळे मिळून पैसे पाण्यात.

शेवटी आम्ही गॅलेक्सी टॅब एस९ एफई शोधला. ऑक्टोबर २०२३ चा, पेन डब्यातच, कार्डाची सोय आहे आणि सॅमसंगने पाच वर्षांचे सुरक्षा अपडेट्स दिलेले आहेत, म्हणजे २०२८ पर्यंत. रिफर्बिश्ड १९,५०० ला पडला. पावणेतीन अधिक दोन, साधारण पावणेपाच वर्षं. वर्षाला ४,१०० रुपये. १४ हजारांच्या नव्या टॅबपेक्षा महाग आहे, पण तिचं काम त्या टॅबवर झालं नसतं.

हे सगळं सरळ झालं असं मात्र नाही. पहिला आलेला टॅब दिसायला अगदी नवा होता. अर्ध्या ब्राइटनेसवर तासभर व्हिडिओ लावला तर बॅटरी ३१ टक्के उतरली. त्याच दिवशी परतीचा अर्ज टाकला. विक्रेत्याने ‘दोन-तीन दिवस वापरा, सेट होईल’ असं सांगून पाहिलं. परतीची मुदत सात दिवसांची असताना तीन दिवस कशाला घालवायचे? पैसे परत आले, दुसरीकडून मागवला, तो चांगला निघाला.

हातात आल्यावर पहिल्या दिवशी

बॅटरीची ही तासाची चाचणी सोडू नका. चांगल्या टॅबची बॅटरी अशा वेळी १०-१२ टक्के उतरावी, फार तर १५. आयपॅडची बॅटरी १,००० चार्ज सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली असते, असं ॲपल सांगतं. पण बॅटरीची तब्येत सेटिंग्जमध्ये दिसते ती फक्त अलीकडच्या आयपॅडवर, म्हणजे एम४ प्रो, एम२ एअर, ए१७ प्रो मिनी, ए१६ आयपॅड आणि त्यांच्यानंतरचे. जुन्यांवर अंदाजच घ्यावा लागतो. सायकल कमी असल्या म्हणजे बॅटरी चांगली, असंही नाही. हॉटेलच्या गल्ल्यावर किंवा दुकानाच्या काउंटरवर टॅब वर्षानुवर्षं चार्जरला लावूनच ठेवलेले असतात. लिथियमच्या बॅटरीला सतत १०० टक्के आणि वर उष्णता सोसत नाही, ती न वापरताच म्हातारी होते. टॅब सपाट टेबलावर ठेवा. डगमगत असेल किंवा स्क्रीनचा कोपरा उचललेला दिसत असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते, तो लगेच परत करा.

मग टॅब स्वतः एकदा पूर्ण रीसेट करा आणि वायफाय जोडून सुरुवातीपासून सेटअप करा. कंपन्या, शाळा आणि ऑनलाइन शिकवण्या घाऊक टॅब घेतात आणि ते आपल्या सर्व्हरला बांधून ठेवतात. नंतर हेच टॅब बाजारात येतात. सेटअप करताना ‘रिमोट मॅनेजमेंट’ किंवा ‘हे उपकरण तुमच्या संस्थेचं आहे’ असा पडदा आला, किंवा आधीच्या मालकाचा पासवर्ड मागितला, तर पुढे काही करू नका. सिरियल नंबर त्या संस्थेच्या नावावर नोंदलेला असतो, कितीही वेळा रीसेट केला तरी कुलूप परत येतं. गल्लीतला दुकानदार ‘पाचशेत काढून देतो’ म्हणेल. पुढच्या अपडेटनंतर ते परत लागलं तर दाद कुणाकडे मागणार?

पेनवाला टॅब असेल तर नोट्समध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या रेघा अगदी सावकाश ओढा. स्वस्तातली दुसरी काच बसवलेली असेल तर रेघ सापासारखी वळवळते. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘सर्टिफाइड’ लिहिलेलं आहे का ते बघा. नेटफ्लिक्सच्या ॲपमध्ये प्लेबॅकची माहिती असते, तिथे वाइडवाइन एल१ हवं. एल३ दिसलं तर सॉफ्टवेअरशी कुणी छेडछाड केलेली असू शकते, आणि व्हिडिओ कायम धूसरच दिसेल.

राहिला चोरीचा मुद्दा, आणि इथे टॅब फोनपेक्षा जास्त धोक्याचा आहे. जुना फोन घेताना आपण संचार साथीवर आयएमईआय टाकून तो ब्लॉक केलेला आहे का ते बघू शकतो. सिमवाल्या टॅबलाही हे चालतं. फक्त वायफायवाल्या टॅबला मात्र आयएमईआय नसतोच, त्यामुळे तो चोरीचा आहे का हे तिथे कळायला मार्ग नाही. अशा वेळी कागद हाच आधार. ओळखीतून किंवा रोखीत घेत असाल तरी मूळ बिल मागा, आणि रिफर्बिश्ड विक्रेत्याच्या बिलावर सिरियल नंबर छापलेला आहे ना, तो सेटिंग्जमधल्या नंबरशी जुळतोय ना, हे परतीची मुदत संपायच्या आत तपासा.