विरोधकाच्या दप्तरातली साक्ष

इ. स. ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा एक रोमन सुभेदार पेचात पडला होता. त्याचं नाव धाकटा प्लिनी. ख्रिस्ती म्हणून पकडून आणलेल्यांचं करायचं काय, हे विचारायला त्याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहिलं. येशूला क्रुसावर चढवून तेव्हा जेमतेम ऐंशी वर्षं झाली होती.

हे पत्र मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा थक्क होतो. या माणसाला ख्रिस्ती लोकांबद्दल ममत्व नाही. त्यांची श्रद्धा त्याला खुळचट वाटते, आणि हट्टाने तिला चिकटून राहणाऱ्यांना तो देहदंड देतो. पण त्याच्याच लेखणीतून त्या लोकांची सकाळ उजाडते: ठरलेल्या दिवशी पहाटेच्या अंधारात जमायचं, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणायचं, चोरी, व्यभिचार आणि विश्वासघात न करण्याची शपथ घ्यायची. मग पांगायचं आणि पुन्हा जमून जेवायचं. अन्न साधं, निरुपद्रवी, असंही तो मुद्दाम नोंदवतो.

यावर विश्वास का ठेवायचा? ही माहिती त्याला ज्यांनी पंथ सोडला त्यांच्याकडून मिळाली, म्हणजे जीव वाचवायला धडपडणाऱ्यांकडून. खातरजमा म्हणून त्याने दोन दासींचा छळ केला. सेविका म्हणून त्या मंडळीत त्यांना मान होता. छळातून निघालेला जबाब कोणतंही न्यायालय सावधपणेच वाचेल. पण छळ करूनही त्याच्या हाती कटकारस्थान लागलं नाही. ज्याला गुन्हा सापडायला हवा होता, तोच सापडला नाही म्हणून लिहितो, तेव्हा त्या शब्दाला वजन येतं.

उलट बाजूही त्याच पत्रात आहे. देवळं ओस पडली होती, बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळत नव्हतं, आता पुन्हा विक्री होऊ लागली आहे, असं तो कळवतो. आपण परिस्थिती कशी सावरली हे सम्राटाला दाखवणाऱ्या अधिकाऱ्याचा हा सूर आहे. तेव्हा ख्रिस्ती नेमके किती होते, हे या वाक्यांवरून ठरवू नये. मांसाचा बाजार मंदावला होता, एवढा तपशील मात्र मला अस्सल वाटतो.

आणि हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचलं कसं? ट्रेजनशी झालेला हा पत्रव्यवहार एकाच जुन्या हस्तलिखितात उरला होता. १५०० च्या सुमारास ते पॅरिसमध्ये उजेडात आलं, मुद्रक आल्डस मानुशियसने १५०८ मध्ये व्हेनिसला त्यावरून पुस्तक छापलं, आणि मग हस्तलिखिताचा बहुतांश भाग हरवला!

प्लिनीचा मित्र टॅसिटस याने काही वर्षांनी रोमच्या इ. स. ६४ मधल्या आगीबद्दल लिहिलं. सम्राट नीरोने दोष ख्रिस्ती लोकांवर ढकलला आणि त्यांना हाल करून मारलं, हे सांगताना ख्रिस्ताला यहुदियाचा रोमन सुभेदार पिलात याने देहदंड दिल्याचंही तो नोंदवतो. पण पिलाताला तो ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो. १९६१ मध्ये कैसरिया इथे सापडलेल्या शिलालेखात पिलाताचा हुद्दा ‘प्रीफेक्ट’ आहे. म्हणजे टॅसिटसने बहुधा आपल्या काळातला हुद्दा मागच्या काळाला लावला. पिलाताच्या वेळचा सरकारी कागद त्याच्यासमोर नसावा. त्याच्या ग्रंथाच्या या भागाची सगळ्यात जुनी प्रत अकराव्या शतकातली आहे.

सगळ्यात अवघड साक्ष योसेफसची. या यहुदी इतिहासकाराने इ. स. ९३-९४ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथाच्या अठराव्या भागात, आज मिळणाऱ्या ग्रीक प्रतींनुसार, येशू हाच ख्रिस्त असं सरळ विधान आहे. पण तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन स्पष्ट सांगतो, की योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. म्हणून बहुतेक अभ्यासक या उताऱ्यात मूळ गाभा आणि नंतरच्या ख्रिस्ती हातांनी घातलेली भर असे दोन थर पाहतात.

त्याच ग्रंथाच्या विसाव्या भागातली ओझरती नोंद मात्र बहुतेकांना मान्य आहे. इ. स. ६२ मध्ये यहुदियाचा जुना सुभेदार वारला आणि नवा वाटेत होता. ती संधी साधून महायाजक अनानसने काहींना दगडमार करवला. त्यांपैकी एकाची ओळख योसेफस देतो: ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब. योसेफसला सांगायचं होतं ते अनानसबद्दल. या प्रकरणात त्याचं पद अवघ्या तीन महिन्यांत गेलं.